ट्रामाडॉल म्हणे साधी गोळी! अण्णामामाच्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर अण्णामामाने एक फॉरवर्ड टाकला, मग तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी ऑफिसातल्या एकीने पण पाठवला, म्हणजे चांगलाच फिरतोय. खाली सूर्यफूल आणि हात जोडलेले. लिहिणाऱ्याला म्हणे बारा वर्षं ‘सर्व्हायकल’ आणि मायग्रेन होतं, आता एकदम ओके. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एमआरआयमध्ये मानेची गादी सरकलेली दिसली की मायग्रेनचं कारण सापडलं. ट्रामाडॉल ही साधी पेनकिलर आहे, अफूबिफू काही नाही, व्यसन लागत नाही. डोकं चढायची वाट न बघता रोज सकाळी चहाबरोबर एक घेऊन टाकायची. व्यायाम, फिजिओ, नसांच्या गोळ्या हा टाइमपास. मान अडकली तर न्हाव्याकडून कडकन मोडून घ्यायची. आणि शेवटी ठळक अक्षरात, सहन करणाऱ्याला कोणी मेडल देत नाही.

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका सीएकडे अकाउंट्स बघते, अर्धशिशी बारावीपासून आहे आणि मान गेली दहाएक वर्षं. पण ही ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी मी स्वतः दोन वर्षं खाल्लीये, त्यामुळे एकेक मुद्दा घेतेच.

गादीचं आधी. माझ्या पण रिपोर्टमध्ये ‘माइल्ड बल्ज’ आहे, म्हणजे गादी किंचित फुगलेली, आणि तो कागद मी तीन वर्षं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून डॉक्टर-डॉक्टर फिरवलाय. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते, २०१५ मध्ये ते छापून आलं, त्यात ८७ टक्क्यांहून जास्त लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरापोरींच्या सुद्धा, चारातल्या तिघांच्या! आणि हे सगळे ठणठणीत. म्हणजे गादी फुगलेली दिसली एवढ्यावरून काहीच ठरत नाही, केस पांढरे दिसले म्हणून डोकं दुखतं म्हणण्यासारखं आहे ते.

बरं, मान आणि डोकं यांचं नातं आहे, नाही असं नाही. चेहऱ्याची मोठी नस आणि मानेच्या वरच्या भागातल्या नसा मेंदूच्या खालच्या टोकाला एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे इकडचं दुखणं तिकडे जाणवतं. पण गंमत अशी की मायग्रेनमध्ये बऱ्याचदा मान आधी धरते. माझं तर ठरलेलं आहे, आदल्या दिवशी दुपारी जांभयांवर जांभया, गोड खावंसं वाटतं, मग मान डाव्या बाजूला ताठ, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डावा डोळा ठणकायला लागतो. मी कित्येक वर्षं म्हणायचे मान धरली म्हणून डोकं चढलं. न्यूरोवाल्या मॅडम म्हणाल्या अहो मान धरली तेव्हाच अटॅक सुरू झालेला असतो, ती त्याची पहिली पायरी आहे, तुम्ही पायरीला कारण समजताय. निव्वळ मानेतून येणारी डोकेदुखी पण असते, पण ती कुठली हे तपासून ठरतं, नुसत्या फिल्मवरून नाही.

आता ट्रामाडॉल. साधी गोळी असती तर सरकारने एप्रिल २०१८ मध्ये तिला एनडीपीएस कायद्यात घातली नसती, अंमली पदार्थांचा जो कायदा आहे ना तोच. लिव्हरमध्ये गेली की तिचं जे रूप तयार होतं ते मॉर्फिन जिथे जाऊन बसतं तिथेच जाऊन बसतं, आणि कोणाचं लिव्हर ते जास्त बनवतं तर कोणाचं जवळपास बनवतच नाही, म्हणून एकाला चढते आणि दुसरा म्हणतो काही फरक पडला नाही. वर मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ. मायग्रेनमध्ये आधीच पोट बंद पडल्यासारखं असतं त्यात ही उलटी आणणारी गोळी, काय अक्कल! काहींना फिट येऊ शकते. आणि अर्धशिशीसाठी रात्री जी अमिट्रिप्टिलिन देतात तिच्याबरोबर किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ही घेतली तर धोका आणखी वाढतो, हे फॉरवर्डमध्ये कुठे आहे?

व्यसन लागत नाही म्हणे. मी कराडला चुलतबहिणीच्या लग्नाला गेले होते आणि औषधांचा पाउच पुण्यात बाथरूमच्या कपाटात राहिला. दुसऱ्या दिवशी हळदीला बसलेय तर नाक गळतंय, जांभया थांबेनात, अंगावर काटा आणि घाम दोन्ही एकदम, रात्री पाय असे वळवळायला लागले की गादीवर झोपवेना, उठून कार्यालयाच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारत बसले. काकू म्हणाली व्हायरल दिसतंय, काढा देते. पहाटे चारला लक्षात आलं की हे व्हायरल नाही, ही तलफ आहे. शाळेत व्यसनमुक्तीवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मुलगी मी.

म्हणून आधीच सांगते, जे कोणी रोज घेत असतील त्यांनी हे वाचून उद्यापासून धाडकन बंद करू नका, डॉक्टरला सांगून हळूहळू उतरवायची असते. लाजायचं पण काही नाही, मला पण प्रिस्क्रिप्शनवरच सुरू झाली होती, पुढे मी तोच जुना कागद दाखवत राहिले आणि दुकानदार देत राहिला.

आणि उपयोग तरी होतो का? सिडनीत एक ट्रायल झाली, २०२३ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आली, कंबर आणि मानेच्या ताज्या दुखण्याचे ३४७ लोक, अर्ध्यांना ऑक्सिकोडोनवालं औषध आणि अर्ध्यांना नुसती खोटी गोळी. सहा आठवड्यांनी दुखण्यात काहीच फायदा दिसला नाही. ऑक्सिकोडोन हं, ट्रामाडॉलच्याच जातीचं पण तिच्यापेक्षा कितीतरी तगडं. ती ताज्या दुखण्याची ट्रायल होती, माझ्यासारख्या जुनाटाची नाही, हे खरंय. पण मायग्रेनबद्दल अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संस्थेने २०१३ मध्येच सांगून टाकलंय की ओपिऑइड, म्हणजे ट्रामाडॉल-मॉर्फिनच्या जातीची औषधं, अगदी शेवटचा उपाय म्हणूनच. याचा अर्थ ही औषधं वाईट असा नाही, कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन मिळालंच पाहिजे, आपल्याकडे उलट ते नीट मिळत नाही हे दुःख आहे. पण तो आजार वेगळा, आपला वेगळा.

तिसरा मुद्दा, रोज सकाळी चहाबरोबर एक. हा सगळ्यात डेंजर आहे आणि यावर मी जरा जास्त लिहिणार.

मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं महिन्यात किती दिवस गोळी घेता? मी म्हटलं आठ-दहा असतील. त्या म्हणाल्या लिहून आणा. आता वेगळी डायरी कोण ठेवणार, आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या चौकोनात दूध किती घेतलं ते लिहिलेलं असतं, त्याच्याच बाजूला मी लाल पेनने टिंब द्यायला लागले, एक दिवस गोळी एक टिंब, मग ती कुठलीही असो. ट्रामाडॉलवाली असो, पॅरासिटामॉल-कॅफिनची मेडिकलमध्ये सुटी मिळणारी असो नाहीतर अर्गोटमिनवाली, जी आपल्याकडे अर्धशिशीला सर्रास देतात. महिना संपला, मुलाने पान उलटायच्या आधी मोजलं, म्हणाला आई, एकोणीस. मी म्हटलं नीट मोज, दुधाचे आकडे पण धरले असशील. परत मोजलं. एकोणीसच.

हिशोब असा आहे. ट्रामाडॉलसारखी, अर्गोटमिनची, ट्रिप्टानची (ही खास मायग्रेनच्या अटॅकवरची गोळी) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी महिन्यात १० किंवा जास्त दिवस, आणि साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की मायग्रेनवाल्या माणसाचं डोकं त्या गोळीमुळेच दुखायला लागू शकतं. डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे डोकं. आणि लक्षात घ्या, गोळ्या नाही, दिवस मोजायचेत. सकाळी दुखतंच म्हणून सकाळी घेतो, असं तो फॉरवर्डवाला लिहितो, अरे बाबा रात्रीत गोळीचा असर उतरतो म्हणून सकाळी दुखतंय!

माझ्या गोळ्या मॅडमच्या देखरेखीखाली उतरवल्या, आणि उगाच गोड बोलणार नाही, पहिले दोन आठवडे भयंकर गेले. तीन दिवस सुट्टी, पडदे लावून, डोक्याला ओला पंचा बांधून पडून. पण तिसऱ्या महिन्याच्या कालनिर्णयवर सहा टिंबं होती.

मग चौथा, की बाकी सगळं टाइमपास. नसांच्या गोळ्या म्हणजे हा माणूस बहुतेक रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल बोलतोय. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन वगैरे. या पेनकिलर नाहीतच, अटॅक कमी यावेत म्हणून असतात, दोन-तीन महिने दिल्याशिवाय कळत नाही, आणि लोक पंधरा दिवसात सोडतात. त्यांचेही त्रास आहेत, दम्याच्या पेशंटला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, फ्लुनारिझिनने झोप आणि वजन वाढतं (माझं चार किलो, नंतर बदलून दिली), काही तर दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला देऊच नयेत अशा आहेत. म्हणून ग्रुपवर विचारून घ्यायच्या नसतात. पण टाइमपास नाही.

व्यायामाचं. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायका, सगळ्यांची मान जुनाट दुखणारी, वर्षभर बघितलं, ते २००३ मध्ये छापून आलं. ज्यांनी मानेचे आणि खांद्याचे ताकदीचे व्यायाम केले, रबराचा पट्टा, डंबेल, उताणं झोपून डोकं उचलणं असले, त्यांचं दुखणं नुसतं स्ट्रेचिंग आणि चालणं सांगितलेल्यांपेक्षा बरंच जास्त कमी झालं. आणि आपण काय करतो, मान गोल गोल फिरवतो आणि मानेला कॉलरचा पट्टा बांधून फिरतो. हा पट्टा महिनोन्‌महिने बांधला की स्नायू आणखी ढिले पडतात. मला फिजिओने पहिला महिना एकच शिकवलं, भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे ओढायची, आरशात बघितलं तर डबल हनुवटी दिसते, पाच सेकंद धरायचं, दहा वेळा. ऑफिसात करते तेव्हा समोरचा आर्टिकलशिप करणारा मुलगा बघत नसल्याचं नाटक करतो. बोअर आहे, चमत्कार काही होत नाही, साधारण दोन महिन्यांनी एक दिवस जाणवलं की स्कूटर पार्क करताना मागे वळून बघता येतंय.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही, उपाशी राहणं. माझी निर्जळी एकादशी म्हणजे द्वादशीला हमखास अटॅक. सासूबाईंना सांगायला मला चार वर्षं लागली, त्या म्हणाल्या मग करतेस कशाला, मी सांगितलं होतं का! झोप पण तशीच, कमी झाली तरी चढतं आणि रविवारी दहापर्यंत लोळलं तरी चढतं.

न्हाव्याचा मुद्दा दोन ओळीत. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांच्या भोकांतून जातात, झटक्याने मान फिरवली तर क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं आणि पॅरालिसिसचा झटका येऊ शकतो. क्वचित म्हणजे लाखात एखादा असेल, पण वीस रुपयांच्या चंपीसाठी नकोच.

राहिलं मेडल. इथे मात्र मी त्याच्या बाजूने आहे. सहन करू नका, खरंच नका, ‘डोकंच दुखतंय ना’ म्हणणाऱ्यांना तर आधी बाहेर काढा. पण अटॅकला करायचं काय हे आधी ठरवून ठेवलेलं असावं. माझ्या पर्समध्ये डॉक्टरने दिलेली ट्रिप्टान आणि मळमळीची गोळी असते, दुखायला लागल्या लागल्या घेते, अंधार, बर्फाची पिशवी मानेखाली, फोन बंद. गोळी आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस. ट्रिप्टान हार्टचा त्रास असलेल्यांना, कंट्रोलमध्ये नसलेल्या बीपीवाल्यांना चालत नाही आणि अर्गोटमिन घेतलेल्या दिवशी तर नाहीच. अजूनही महिन्यात चार-पाच अटॅक येतात. पूर्ण बरी झाले असं कोणी म्हणत असेल तर मला भेटवा.

आणि काही वेळेला हे सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल: एकदम वीज पडल्यासारखं डोकं दुखणं, तापाबरोबर ताठलेली मान, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, बटण लावता न येणं किंवा चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, मानेला मार लागलेला.

हे सगळं लिहून मी मामाला फोन केला. तो म्हणाला अगं मी पण रोज घेतो, मला कुठे काय होतंय. मी म्हटलं मामा, तू फक्त महिनाभर कालनिर्णयवर टिंबं दे. तो म्हणाला महिना कशाला, रिकामी पाकिटं डब्यात आहेत, मामी फेकू देत नाही, थांब. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, मग पाकिटांची चुरचुर, मामीचं काहीतरी बोलणं. बऱ्याच वेळाने आला आणि आकडा न सांगता विचारलं, तुझ्या त्या मॅडम शनिवारी बसतात का?

बसतात. साडेअकराची वेळ मिळालीये, सांगलीहून पहाटेच्या एसटीने येतोय. पाकिटांचा डबा घेऊनच ये म्हटलंय.