आधी आपल्या भाषेत विचारा, मग स्कॅन काढा

गावाकडच्या आमच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. मेंदूच्या एमआरआयवरून संगणक डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू ढासळत जाणारा आजार, आधीच ओळखू शकतो, अशी बातमी कुणीतरी टाकली. अर्धे म्हणतात, हे तंत्र बेळगावात लगेच आलं पाहिजे. बाकीचे म्हणतात, औषध नसलेला रोग आधी कळून करायचं काय, म्हातारपणी उगाच जिवाला घोर. मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात एमआरआय विभागात काम करते, माहेर खानापूर तालुक्यात. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात.

"कळून काय उपयोग" हे तर अजिबात पटत नाही. प्रत्येक विसराळूपणा म्हणजे अल्झायमर, डिमेन्शियाचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार, नव्हे. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साठलेलं रक्त, यांवर उपचार आहेत. आणि अल्झायमरच निघाला, तरी समज शाबूत असताना माणसाला शेताच्या वाटणीबद्दल, स्वतःच्या औषधपाण्याबद्दल आपल्या तोंडानं सांगता येतं. पुढे कुणीतरी हात धरून उठवलेला अंगठा हा त्याचा निर्णय नसतो. औषधांबाबत मात्र फार आशा दाखवू नये. अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या नव्या औषधानं दीड वर्षात आजाराची घसरण सुमारे 27 टक्क्यांनी मंदावली, पण मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका सोबत आहे. ऑगस्ट 2024 मध्ये ब्रिटननं त्याला परवानगी दिली आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्यसेवेतून ते देऊ नये असा मसुदाही निघाला.

आता यंत्राकडे. हजारो स्कॅन आणि त्या माणसांचं पुढे काय झालं याची नोंद संगणकाला दिली जाते. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग किती आक्रसला, मेंदूचा बाहेरचा थर कुठे पातळ झाला, मधल्या पोकळ्या किती रुंदावल्या, यातून तो खुणा शिकतो. डोळ्याला सहज न दिसणारा बारीक फरकही त्याला पकडता येतो. मी रोज ही चित्रं काढते, त्यामुळे या कामाचं मोल मला कळतं. प्रश्न आहे तो कुणाचे मेंदू पाहून शिकला याचा. जगभर यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा एक संग्रह 2004 मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झाला. त्यातले स्वयंसेवक बहुतेक गोरे आणि भरपूर शिकलेले. ज्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आजार ठळक होता, त्यांना निवडतानाच वगळलेलं. आपल्याकडे बीपी आणि शुगर घरोघरी. मग चिकोडीच्या आजोबांचा स्कॅन या यंत्रानं कशाशी ताडून पाहायचा?

त्याहून मोठी गोष्ट आपल्या भाषांची. हैदराबादला मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे 648 रुग्ण तपासले आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं साडेचार वर्षं उशिरा दिसली, निरक्षरांतसुद्धा. सगळ्याच अभ्यासांत असा फरक आढळलेला नाही, पण टोरांटोतलं 2012 चं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे स्मरणशक्ती सारखीच घसरलेल्या दोन गटांचे सीटी स्कॅन तुलनेला घेतले, तेव्हा द्विभाषिकांचा मेंदू जास्त झिजलेला निघाला. म्हणजे झीज जास्त असूनही ही माणसं तेवढंच निभावून नेत होती. बेळगावच्या शहापूर-वडगावात घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू किंवा कोकणी बोलत आयुष्य काढलेल्या माणसाचा नुसता स्कॅन पाहून परदेशात शिकलेलं यंत्र त्याला आहे त्यापेक्षा जास्त आजारी ठरवेल, ही माझी भीती पोकळ नाही.

आणि स्कॅनच्या आधीची पायरीच आपल्याकडे निसरडी आहे. माझ्या आत्याला घरच्यांनी शहरात दाखवायला नेलं. आत्या कन्नडात भाजीची घासाघीस करते, पण छापील कागदावरचं कन्नड तिच्या डोक्यावरून जातं. तिला विचारलं, आज तारीख काय? ती म्हणाली, "वद्य दशमी. उद्या एकादशी." उत्तर चुकीचं धरलं. मग कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. जिनं जन्मात पेन्सिल धरली नाही तिनं कागदाकडे नुसतं बघत राहावं, दुसरं काय करणार! पुढे एका मराठी डॉक्टरीणबाईंनी पेरणी कधी झाली, कुठली सून कुठल्या गावची, असं विचारत तासभर बोलणं काढलं. आत्यानं सगळं बिनचूक सांगितलं. कमी झालं होतं ते ऐकू येणं. बहिरेपण हे स्वतःच डिमेन्शियाचा धोका वाढवतं, तेव्हा त्याचा इलाजही आधीच व्हायला हवा होता.

इथे इंग्लंडमध्ये एकटी राहणारी बाई विजेचं बिल भरायची विसरली की कुणाच्या तरी ध्यानात येतं. आपल्या भरल्या घरात सुटे पैसे सून मोजते, गोळ्या नातू देतो, वाट चुकली तर गल्लीतलं कुणीतरी हाताला धरून आणून सोडतं. या मायेचा मला इथे फार हेवा वाटतो, पण तिच्याचमुळे आजार वर्षानुवर्षं झाकला जातो. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात काळा दिन पाळणाऱ्या आपल्या माणसांची वेदना मला परकी नाही. मराठी उतारे, मराठी परिपत्रकं ही मागणी मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि ती रास्तच आहे. तिच्यात आता स्मृतिचाचणीही घाला. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं भारतीय भाषांसाठी चाचण्यांचा संच बनवला तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती. कर्नाटक सरकारचा निम्हान्स या बंगळुरूच्या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या संस्थेच्या मदतीनं चालणारा मेंदू-आरोग्याचा उपक्रम आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना तो हे आजार ओळखायला शिकवतो. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत त्यांनी मराठी चाचणी वापरावी, न शिकलेल्यांसाठी वेगळी, आणि सोबत बीपी, शुगर, कान तपासावेत. ज्यांना गरज आहे त्यांचाच स्कॅन काढावा. तो संमतीनं, बोलल्या जाणाऱ्या सगळ्या भाषांच्या नोंदीसह, आपल्याकडच्या यंत्राला शिकवायला द्यावा.

यावर कन्नड संघटनांनीही सही करायला हरकत नसावी. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या आजीची सांगली-सोलापुरात हीच अडचण होते, आणि तिच्या भाषेतली चाचणी तर तयार आहे. ती फक्त तिथल्या दवाखान्यात पोचवायची आहे.