नववी ही पास होण्यापुरती इयत्ता नव्हे

आज दुपारी धाकट्या बहिणीने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. माझी भाची नववीत आहे. ती ज्या क्लासला जाते, तिथल्या सरांनी पालकांच्या ग्रुपवर कळवले आहे की, नववीच्या वार्षिक परीक्षेचे टेन्शन मुलांनी घेऊ नये, ती पास होण्यापुरती दिली तरी पुरे, कारण दहावीचा पोर्शन जानेवारीतच सुरू केलेला असून तो मेअखेर संपवायचा आहे आणि जूनपासून केवळ रिव्हिजन व टेस्ट सिरीज चालणार आहे. व्हेकेशन बॅचची फी मात्र येत्या रविवारपर्यंत भरावी. खाली पालकांचे जोडलेले हात आणि उंचावलेले अंगठे ओळीने लागलेले होते. ‘सर, मग नववीचे काय?’ एवढे विचारावे असे त्यांतल्या एकालाही वाटले नाही.

तयारी लवकर सुरू करावी, याबद्दल माझ्या मित्रमंडळींत कोणाचे दुमत असेल असे वाटत नाही. आपण सगळेच ‘आधी अभ्यास, मग खेळ’ ऐकत वाढलेली माणसे आहोत. माझा राग आहे तो लवकर तयारीच्या नावाखाली मुलांचे आख्खे एक वर्ष गिळून टाकण्यावर.

गेल्या आठवड्यात मी बहिणीकडे गेले होते, तेव्हा भाची जेवणाच्या टेबलावर वर्गसमीकरणे सोडवत बसली होती. समोर क्लासच्या झेरॉक्स नोट्स, सूत्र चौकटीत छापलेले आणि त्यावर पिवळा हायलायटर फिरवलेला. दहावीच्या बीजगणितातले दुसरे प्रकरण ही पोरगी नववीतच करते आहे, म्हणून कौतुकाने शेजारी बसले. विवेचक, म्हणजे सूत्रातला वर्गमुळाखालचा भाग, काढताना तिने उणे ७ चा वर्ग उणे ४९ लिहिला, पुढच्या सगळ्या पायऱ्या पाठ केल्याप्रमाणे नीटनेटक्या मांडल्या आणि उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या. मी म्हटले, ‘‘बाळा, उणे सातला उणे सातने गुणलं तर काय येतं?’’ ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘मावशी, एवढा विचार नाही करायचा गं, सूत्रात नुसत्या किमती टाकायच्या. सर म्हणतात, स्पीड महत्त्वाचा.’’

पूर्णांकांचा गुणाकार सातवीत शिकवतात. मुलगी हुशार आहे, चुणचुणीत आहे, आणि हे मी मावशी म्हणून म्हणत नाही. पण तिला थांबून विचार करायला कोणी वेळच दिलेला नाही.

ज्यांना हे अतिरंजित वाटते, त्यांनी बालभारतीची नववीची आणि दहावीची गणिताची पुस्तके शेजारी-शेजारी ठेवून अनुक्रमणिका उघडावी. दोन चलांतील रेषीय समीकरणे, अर्थनियोजन आणि सांख्यिकी ही प्रकरणे नववीच्या पहिल्या भागात आहेत आणि दहावीच्या पहिल्या भागातही त्याच नावांनी आहेत. दुसऱ्या भागात वर्तुळ, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती यांचे तेच. वर्गसमीकरणाचे अवयव पाडायचे तर नववीतली बहुपदी हातात बसलेली असावी लागते. विज्ञानाचीही तीच कथा आहे. दहावीच्या पहिल्या भागाचे पुस्तक गुरुत्वाकर्षणाने सुरू होते आणि नववीचे पुस्तक गतीच्या नियमांनी, आणि बल व त्वरण यांचा संबंध ज्याला उमगलेला नाही, त्याच्यापुढे गुरुत्वाकर्षणाची सूत्रे म्हणजे निव्वळ अक्षरांची मांडणी. पुस्तके तयार करणाऱ्यांनी पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत आणि आपण फी भरून त्या गाळायला सांगतो आहोत.

एक गोष्ट मान्य करते, करावीच लागते. दहावीचे वर्ष पूर्वीपेक्षा आखूड झाले आहे. आमच्या वेळी मार्चमध्ये सुरू होणारी बोर्डाची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. जूनच्या मध्याला शाळा उघडणार, मधे गणपती आणि दिवाळी, जानेवारीत पूर्वपरीक्षा, मग शिकवायला उरते काय? त्यामुळे मे महिन्यात एखाददुसरे प्रकरण उरकून घेतले तर माझी हरकत नाही. पण तेही नववीची परीक्षा मन लावून दिल्यानंतर.

बहिणीला मी तावातावाने फोन केला, तेव्हा ती आधी ऐकून घेत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘ताई, सगळ्यांची मुलं पुढे निघून गेली आणि माझीच मागे राहिली, तर मी कुणाला सांगू?’’ यावर मला पटकन उत्तर सुचले नाही. ती आणि मेहुणे दोघेही सकाळी आठला घर सोडतात, रात्री साडेसातला परत येतात. मुलीची वही उघडून बघायलाही त्यांच्यात त्राण उरत नाही. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि एखाद्या टक्क्याने हवे ते कॉलेज हुकते, हे तिने शेजारच्या घरी पाहिले आहे. तिच्या भीतीची मी टिंगल करणार नाही. तिच्या ठिकाणी मी असते, तर कदाचित मीही रात्री उशिरा मोबाइल हातात घेऊन असाच विचार करत बसले असते.

पण त्या भीतीचे भांडवल करणाऱ्यांबद्दल मात्र मला काडीचीही सहानुभूती वाटत नाही. आणि शाळांनीही यात हात वर केले आहेत. क्लास आहे ना, मग तिथे होईलच, असे शाळा म्हणते. शाळेत झालेच असेल, असे क्लास म्हणतो. आणि या दोघांच्या मधल्या फटीत उणे ४९ जन्माला येते. त्यात आणखी एक शहाणपण कानावर येते. बोर्डाच्या ६०० गुणांपैकी टक्केवारी धरताना सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरतात, म्हणून इतिहास-भूगोल नववीपासूनच सोडून दिला तरी चालतो म्हणे! चौदा वर्षांच्या मुलाला आपण कोणता विषय सोडायचा ते आधी शिकवतो, याची कोणालाच लाज वाटत नाही.

खरोखर लवकर तयारी करायची असेल, तर तिला भरपूर वाव आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीची ८० गुणांची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नपत्रिका, घ्या. त्यात उपयोजित लेखनाला २४ आणि भाषाभ्यासाला १६ गुण असतात. म्हणजे निम्मे गुण असे आहेत की, त्यांच्यासाठी दहावीचे पुस्तक हाती येण्याची वाट पाहण्याची गरजच नाही. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा हे सारे सातवी-आठवीपासून लिहिता येते, त्यासाठी घरात रोज एक वर्तमानपत्र यावे आणि आईबापांपैकी कोणीतरी आठवड्यातून एकदा लिहिलेले पान वाचावे. सलग तीन तास बसून सुवाच्य लिहिण्याची सवय हीसुद्धा तयारीच आहे. किती मुलांना आज दोन पाने लिहिली की मनगट चोळावे लागते, ते पाहा. स्पीड महत्त्वाचा म्हणणाऱ्या सरांना हा स्पीड दिसत नाही, कारण त्याची बॅच काढता येत नाही.

भाचीला मी त्या दिवशी संख्यारेषा काढून दाखवली नाही की चिन्हांचे नियमही सांगितले नाहीत. तिला फक्त म्हटले, तुझे उत्तर मूळ समीकरणात घालून बघ. तिने घातले, जुळेना; पुन्हा घातले; मग पेन तोंडात धरून ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि एकदम ओरडली, ‘‘ए मावशी, अधिक ४९!’’ तो आनंद चौकटीतल्या पिवळ्या सूत्राने तिला दिला नव्हता. तेवढ्या वेळात क्लासच्या हिशेबाने तिची चार-पाच गणिते बुडाली असतील, बुडू देत.

बहिणीला मी सुचवले आहे की, फी भरायचीच असेल तर भर, पण वार्षिक परीक्षा होईपर्यंत दहावीची झेरॉक्स कपाटात ठेव, आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा मुलगी माझ्याकडे राहील, नववीची गणिताची दोन्ही पुस्तके घेऊन. मेहुण्यांना हे आवडणार नाही. त्यांच्याशी मी बोलेन.

माझ्या मित्रयादीत क्लास चालवणारे तीन-चार जण आहेत आणि ते ही पोस्ट वाचणार, हे मला ठाऊक आहे. त्यांनी वैयक्तिक मेसेज न करता इथेच, सर्वांसमोर उत्तर द्यावे. नववी पास होण्यापुरतीच होती, तर तिच्या नावावर वर्षभराची फी कशासाठी घेतली?