केलीला "चार वेळा हरलेला" म्हणू नका

पुण्याचा भाचा सध्या अमेरिकन फुटबॉलच्या नादाला लागलाय. सुपर बोल, म्हणजे या खेळाची वर्षाची फायनल, तिकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो, तर हा साडेचारचा गजर लावून उठतो. मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण परवा फोनवर म्हणाला, "मामा, तुझ्या बफेलोचा तो जिम केली चार फायनल खेळला आणि चारही हरला. मग त्याचं एवढं काय?"

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, आवाज चढला. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मी अमेरिकेतल्या बफेलो शहरात चौदा वर्षं राहतोय. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये फावडी आणि मिठाच्या पिशव्यांच्या वर, खिळ्याला केलीची 12 नंबरची जर्सी टांगलेली आहे. निळा रंग पार उडालाय. पहिल्या हिवाळ्यात मला बर्फ कसा उपसायचा हे त्यांनी शिकवलं, आणि केलीची गोष्टही त्यांनीच सांगितली. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या आकड्यांचा नाही.

इथे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, नावापुढे जिंकलेल्या-हरलेल्या फायनलचा हिशोब मांडतात. ब्रॅडी सात-तीन, माँटाना चार-शून्य, केली शून्य-चार. माझं म्हणणं असं की हा हिशोबच मुळात चुकीचा आहे. क्रिकेटच्या कर्णधाराचं एक वेळ समजू शकतो. तो पूर्ण वेळ मैदानात असतो, गोलंदाज बदलतो, क्षेत्ररक्षण लावतो. क्वार्टरबॅकचं तसं नसतं. चेंडू समोरच्यांकडे गेला की आपला डिफेन्स, म्हणजे बचाव करणारे वेगळे खेळाडू, आत जातो आणि हा बाहेर बाकावर येऊन बसतो. किक मारणारा माणूसही वेगळाच. मग अख्खा पराभव एकट्याच्या नावावर कसा चढवायचा?

त्यातली पहिली फायनल बघा. 27 जानेवारी 1991, टॅम्पा शहर, समोर न्यूयॉर्क जायंट्स. आखाती युद्ध सुरू होऊन दहाच दिवस झाले होते. आदल्या रविवारी बफेलोने रेडर्स संघाला 51-3 असं धुतलं होतं. बाकीचे संघ प्रत्येक चालीआधी घोळका करून ठरवतात. केली घोळका न करता रेषेवर उभ्या उभ्या स्वतःच चाल सांगायचा. समोरच्याला दम खायलाही वेळ मिळायचा नाही. जायंट्सनी यावर उपाय काढला तो साधा आणि कठोर: चेंडू केलीच्या हातात जाऊच द्यायचा नाही. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तर त्यांनी एकाच चढाईत नऊ मिनिटांहून जास्त वेळ खाल्ला. साठ मिनिटांपैकी 40 मिनिटं 33 सेकंद चेंडू त्यांच्याकडे होता. केलीच्या वाट्याला उरली 19 मिनिटं 27 सेकंद. तेवढ्यात त्याने 30 पैकी 18 पास पूर्ण केले, 212 यार्ड मिळवले, आणि इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी मध्येच पकडलेला पास, एकही नाही.

आता त्याच सामन्यातला एक क्षण सांगतो. आजोबा हा सांगताना स्वतःचं मनगट धरून दाखवतात. दुसरा क्वार्टर, बफेलो 10-3 ने पुढे. जायंट्सचा क्वार्टरबॅक जेफ हॉस्टेटलर हा मुळात राखीव खेळाडू. फिल सिम्स डिसेंबरमध्ये जखमी झाला म्हणून तो खेळत होता. तो मागे सरत स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गेला आणि बफेलोच्या ब्रूस स्मिथने त्याचं उजवं मनगट पकडलं. त्याच हातात चेंडू होता. ब्रूस स्मिथ म्हणजे केवढा आडदांड माणूस! चेंडू निसटला असता आणि बफेलोच्या कुणीही त्यावर झेप घेतली असती, तर थेट टचडाउन, म्हणजे सहा गुण आणि वर जादा गुणासाठी किक. पण हॉस्टेटलरने चेंडू सोडला नाही. त्याला तिथेच पाडल्याचे बफेलोला मिळाले फक्त दोन गुण. सामना गेला 20-19 असा, एका गुणाने. हॉस्टेटलरच्या त्या पकडीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण तेव्हा केली कुठे होता? बाकावर!

शेवटची 2 मिनिटं 16 सेकंद उरली असताना केलीला चेंडू मिळाला, तोही स्वतःच्या गोलरेषेपासून 10 यार्डांवर. तिथून त्याने संघाला जायंट्सच्या गोलरेषेपासून 29 यार्डांपर्यंत नेलं. आठ सेकंद बाकी. बफेलोचा स्कॉट नॉरवुड 47 यार्डांची किक मारायला आला; ती बसली असती तर सामना बफेलोचा होता. पण चेंडू खांबाच्या उजवीकडून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी नायगरा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले. आजोबाही गेले होते. गर्दी ओरडत होती, "आम्हाला स्कॉट हवा!" ज्याची किक चुकली त्याला या गावाने हाका मारून पुढे बोलावलं आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. हे सांगताना आजोबा अजूनही थांबतात, आणि मीही काही बोलत नाही.

पुढच्या तीन फायनल मी लपवणार नाही. 1992 मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध केलीने चार इंटरसेप्शन दिले, तो दिवस वाईटच होता. 1993 मध्ये डॅलसविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला, त्याच्या जागी फ्रँक राइक आत आला, आणि 52-17 ने हरले. तरी ती हारसुद्धा केलीच्याच खात्यात! 1994 मध्ये मध्यंतराला 13-6 ने पुढे असून 30-13 ने हरले.

आता दुसरी बाजू बघ. 2001 ची फायनल, गावही तेच, टॅम्पा. बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर याने 25 पैकी 12 पास पूर्ण केले, 153 यार्ड. त्याच्या डिफेन्सने जायंट्सला एकही गुण दिला नाही. जायंट्सचा एकमेव टचडाउन किकऑफचा चेंडू परत आणताना झाला, तेव्हा डिफेन्स मैदानात नव्हताच. बाल्टिमोर 34-7 ने जिंकलं. म्हणजे डिल्फर एक-शून्य. आणि त्यानंतर? बाल्टिमोरने त्याला ठेवलंच नाही. तो विजय नेमका कुणाचा, हे त्याच्या स्वतःच्या संघाला पक्कं ठाऊक होतं.

ब्रॅडीचंही तेच. 2002 मध्ये 145 यार्ड टाकून जिंकला. 2018 मध्ये 505 यार्ड टाकून हरला, आणि तेही निक फोल्ससमोर, जो कार्सन वेंट्झ जखमी झाला म्हणून खेळत होता. माणूस तोच. कुठल्या दिवशी तो जास्त चांगला खेळला, तूच सांग.

आणि "चारही हरला" म्हणताना तो "चार" किती मोठा आहे, हे कुणी बघतच नाही. सलग चार वर्षं सुपर बोलमध्ये पहिल्या चालीपासून उतरलेला क्वार्टरबॅक एकच, जिम केली. ब्रॅडीला सलग तीन जमले, महोम्सलाही तीन. डॅन मरिनो 1984 च्या हंगामात 5,084 यार्ड आणि 48 टचडाउन टाकून फायनलला गेला, हरला, आणि पुन्हा कधीच पोहोचला नाही. पहिल्या हारेनंतर जानेवारीतल्या बाद फेरीची ती वाट पुन्हा चालायची, मग आणखी एकदा, मग आणखी एकदा. 2002 मध्ये केलीला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या सन्मान यादीत, पहिल्याच संधीला घेतलं. निवडणाऱ्यांना हे कळलं होतं.

तर बाळा, 1991 च्या त्या सामन्यातली शेवटची 2 मिनिटं 16 सेकंद शोध. 10 यार्डांच्या रेषेपासून बघायला लाग आणि नॉरवुड आत येईपर्यंत केलीचा चेहरा बघ. मग मला फोन कर. इथे रात्र असली तरी चालेल.