डालीची घड्याळं, कामांबेर चीज आणि तो फॉरवर्ड

वितळलेल्या घड्याळांचं ते स्पॅनिश चित्रकार डालीचं चित्र आणि खाली लांबलचक मजकूर, असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की हे मुळात कामांबेर या मऊ फ्रेंच चीजचं चित्र आहे, उन्हात वितळणारं चीज बघून डालीला ते सुचलं, आणि हे पांढरंशुभ्र चीज १७९१ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीत मारी आरेल नावाच्या बाईने एका पाद्र्याकडून गुपित शिकून शोधलं. पुरावा काय, तर तिच्या पुतळ्याचा फोटो. यात थोडं खरं मिसळलंय म्हणून लोक डोळे झाकून पुढे ढकलतात, तर एकेक बघू.

"चित्र चीजचं आहे." अहो, नीट बघा तरी. झाडाच्या फांदीवर एक घड्याळ लटकतंय, एकावर माशी बसलीय, पालथ्या केशरी घड्याळाला मुंग्या लागल्यात, मागे डालीच्या गावाकडचे समुद्रकाठचे कडे. चीज कुठंय? चित्र १९३१ चं, न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये असतं, आणि आकार फक्त २४ बाय ३३ सेंटीमीटर, पोस्टर बघून लोकांना वाटतं भिंतभर असेल.

"उन्हात वितळणारं चीज बघून सुचलं." सुचलं चीजवरूनच, हे डालीने स्वतः १९४२ च्या आत्मचरित्रात लिहिलंय. पण तिथे प्रसंग रात्रीच्या जेवणाचा आहे. त्याचं डोकं दुखत होतं, बायको गाला मित्रांबरोबर सिनेमाला गेली, जेवणाच्या शेवटी झणझणीत कामांबेर झालेलं, आणि हा टेबलाशी बसून अति मऊ वस्तूंचा विचार करत राहिला. देखावा आधीच रंगवून ठेवला होता, त्यात मग घड्याळं घातली. रात्री ऊन कुठून येणार? ते ऊन नंतर आलं, ही घड्याळं आईन्स्टाईनच्या सापेक्षतेवरून सुचली का असं कोणी विचारलं की हा उन्हातल्या कामांबेरचं नाव सांगायचा. आणि डाली काय, मुलाखतीत काहीही ठोकून द्यायचा. शिवाय कामांबेर मऊ व्हायला ऊन लागतच नाही, सालीवरची बुरशी प्रथिनं तोडत बाहेरून आत सरकते, म्हणून अर्धवट पिकलेलं कापलं तर कडेला वाहतं आणि मधे खडूसारखं पांढरं कोरडं राहतं.

"पांढरंशुभ्र" हे तर अगदीच नवीन. जुनं कामांबेर निळसर-करडं दिसायचं, पांढरी बुरशी मुद्दाम लावायला लागले ते विसाव्या शतकात.

आता मुख्य गोष्ट, १७९१. थोमा कोर्नेय या फ्रेंच लेखकाच्या १७०८ च्या भूगोलकोशात नॉर्मंडीतल्या विमुतिए गावच्या सोमवारच्या बाजारात लिवारो आणि कामांबेर या गावांचं उत्तम चीज येतं असं लिहिलंय, आणि मारीचा जन्म १७६१ चा, म्हणजे बाई जन्माला यायच्या ५३ वर्षं आधीच कामांबेर गावचं चीज बाजारात नावाजलेलं होतं! ते अगदी आजच्यासारखंच असेल असं नाही, पण शून्यातून शोध लागला हे काही खरं नाही. मारीचं श्रेय काढून घ्यायचं नाहीये. ती चीज करायची, तिच्या मुलीने आणि नातवंडांनी धंदा वाढवला, रेल्वे आली तसा माल पॅरिसला जलद पोचायला लागला, १८९० च्या सुमारास लाकडी डबी आली आणि मग ते लांबलांब गेलं. हे सगळं एका पाद्र्याच्या गुपितापेक्षा कितीतरी इंटरेस्टिंग आहे, पण फॉरवर्डला चालत नाही.

राहिला पुतळा. जोसेफ निरिम नावाचा एक अमेरिकन डॉक्टर १९२६ साली विमुतिएला आला, कामांबेरने आपलं पोट बरं झालं म्हणून मारीचं स्मारक करा म्हणाला आणि पैसे देऊन गेला. ही दंतकथा जगभर गेली ती त्यानंतर. पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला, १९४४ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात तुटला, आणि नवा १९५३ मध्ये आला तो ओहायोतल्या चीज कारखान्याच्या कामगारांच्या पैशातून. पहिला पुतळासुद्धा १७९१ नंतर तब्बल १३७ वर्षांनी बसवलेला, त्याला पुरावा कसं म्हणायचं?