तक्रार ऐकणे हेही नेतृत्वच
आद्य ख्रिस्ती विचारातील नेतृत्व म्हणजे नेत्याची वैयक्तिक नम्रता, हे या विषयावरील एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात, रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषक विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, ती दडपली नाही, तर समुदायालाच सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे वाटपाची जबाबदारी बहुधा तक्रारदारांच्याच गटाकडे गेली.

वसईत आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील ख्रिस्ती समुदायाच्या) मदत समितीवर मी काही वर्षे होतो. भाड्याने राहणाऱ्या विधवा यादीतून सुटल्याचे त्यांच्यापैकीच एका बाईंनी वहीतल्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून दाखवले, आणि त्यांना समितीवर घेतल्यावरच ती यादी पुरी झाली.