आरबीआयकडे "पडून असलेले" 50 हजार कोटी काढा म्हणणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. महाराष्ट्राचे 50 हजार कोटींच्या वर रुपये रिझर्व्ह बँकेत नुसते पडून आहेत, ते काढले की बजेटची तूट एका फटक्यात भरेल, सरकार उगाच कर्ज काढतंय, वगैरे. आकडा साधारण बरोबर आहे. बाकी सगळा लोच्या.

"नुसते पडून आहेत" म्हणे. अहो, हा कन्सॉलिडेटेड सिंकिंग फंड, म्हणजे राज्याने आधी काढलेली कर्जं फेडायला बाजूला ठेवलेला पैसा. राज्याने दरवर्षी आपल्या एकूण देण्याच्या निदान अर्धा टक्का यात टाकावा अशी अपेक्षा असते आणि आरबीआय तो केंद्राच्या रोख्यांत गुंतवते, त्यावर व्याजही जमा होतं.

"काढा आणि तूट भरा". कसं काढणार? यातला पैसा कर्जफेडीसाठीच. मे 2020 मध्ये कोविडमुळे सगळ्याच राज्यांच्या तिजोऱ्या कोरड्या पडल्या तेव्हा आरबीआयने नियम सैल केले, राज्यांना मिळून साधारण 13,300 कोटी जास्तीचे काढता येतील असं केलं, पण तेही त्या वर्षीच्या कर्जफेडीसाठीच, पगार-अनुदानासाठी नाही.

बरं समजा, नियम गेले खड्ड्यात. 2025-26 च्या बजेटमध्ये नुसती महसुली तूटच, म्हणजे पगार-अनुदानासारख्या चालू खर्चाला कमी पडणारी रक्कमच, 45,891 कोटी दाखवली होती. म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेला फंड जवळपास एका वर्षात साफ, आणि पुढच्या मार्चला तूट परत दारात उभी. घराच्या हप्त्यासाठी ठेवलेली एफडी मोडून किराणा भरायचा प्रकार आहे हा. पुढच्या महिन्यात काय मोडणार?

आणि "मग कर्ज काढायची गरजच नाही" हे तर हद्दच झाली, एकूण कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाणार असं त्याच 2025-26 च्या बजेटने सांगितलं होतं. त्यापुढे हे 50 हजार म्हणजे किती? उलट हा फंड शाबूत असला की महिन्याच्या मधेच पैसे कमी पडले तर राज्याला त्याच गुंतवणुकीच्या तारणावर आरबीआयकडून रेपोपेक्षाही (आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते त्यापेक्षाही) कमी दराने थोड्या दिवसांची उचल मिळते. फंड मोडला की तारणही गेलं.

काही जण यात आकस्मिकता निधीही, म्हणजे अचानक येणाऱ्या खर्चासाठीचा फंडही, घुसडतात. तो वेगळा, मूळ रक्कम अवघी 150 कोटी, आणि त्यातून उचललेलं नंतर विधिमंडळाची मंजुरी घेऊन परत भरावं लागतं.

"तूट का येते" हा प्रश्न मात्र शंभर टक्के रास्त आहे, फक्त तो फंडाकडे बोट दाखवून सुटत नाही. 10 मार्च 2025 ला बजेट मांडलं आणि 30 जूनला 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुऱ्या, आल्या. तो सगळाच काही निव्वळ बोजा नव्हता, मान्य, पण चार महिन्यांच्या आत अंदाज एवढा हलतो कसा यावर माझ्या एकाही ग्रुपवर अजून फॉरवर्ड आलेला नाही.