पांढरी बॅटन की जांभळा दिवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही इतकं मनापासून लिहिलंय की दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचा आक्षेप असा: घरातल्या पहिल्या हायड्रोपोनिक्सला (मातीशिवाय, खताच्या पाण्यात रोपं वाढवायला) साधी पांढरी एलईडी बॅटन, म्हणजे नळीसारखा लांब दिवा, पुरते असं माझ्या लेखात सांगून मी नवख्यांची दिशाभूल करतोय. झाडाला लाल आणि निळाच प्रकाश लागतो, हिरवा ते परतवतं, म्हणून लाल-निळ्या एलईडीचा जांभळा दिवाच हवा. शिवाय दिव्याचा उजेड सांगणारं ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यांसाठी आहे.

ल्युमेनचं तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. झाडाच्या कामाचे प्रकाशकण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीमधले, आणि एका चौरस मीटरवर सेकंदाला असे किती मायक्रोमोल पडतात हा खरा हिशेब (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक, त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल). पण तो मोजायचं यंत्र महाग असतं. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत फोनवरच्या लक्स मापकाचा (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) आकडा सत्तरने भागला की कामचलाऊ उत्तर मिळतं, आणि घरच्या चार डब्यांना तेवढं पुरतं.

हिरव्या प्रकाशाबद्दल मात्र तुमचं पटत नाही. लाल-निळ्याचा आग्रह आला तो पानातून काढलेल्या हरितद्रव्याच्या आलेखावरून. अख्खं पान तसं वागत नाही. हिरवा प्रकाश पानाच्या आत इकडून तिकडे आपटत राहतो आणि त्यातला बराचसा शोषला जातो; आपल्या डोळ्यांपर्यंत येतो तो उरलेला भाग. मॅक्री या संशोधकाने २२ पिकांच्या पानांवर केलेली मोजमापं १९७२ साली प्रसिद्ध झाली. लाल प्रकाश सर्वांत कार्यक्षम ठरला हे खरंच, पण हिरवाही चांगलाच उपयोगी पडतो हे त्यातून स्वच्छ दिसलं. आणि पांढरी एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या चिपवर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचे दुसरे रंग करणाऱ्या पदार्थाचा थर. निळा, हिरवा, लाल, तिन्ही त्यात असतात.

आता माझ्या मांडणीचा हिशेब. चार फूट बाय एक फुटाची फळी, वर वीतभर अंतरावर २० वॅटच्या तीन बॅटन. पानांच्या उंचीवर साधारण १२,००० लक्स मिळतात, म्हणजे १७० मायक्रोमोल. सोळा तास चालवल्यावर दिवसाला दहा मोलच्या जवळ. लेट्यूस, पालक यांना एवढं चालतं. वीज दिवसाला जेमतेम एक युनिट. टोमॅटो, मिरची लावायची असेल तर हे निम्मंसुद्धा नाही, आणि तिथे चांगला ग्रो लाइट (रोपं वाढवायचा खास दिवा) घ्या असंच मीही सांगेन. तो लेख पालेभाज्यांपुरता होता.

तुमची रोपं लांबुडकी होऊन आडवी पडली त्याचं कारण मला रंगात दिसत नाही. कोंब काडीसारखा उंच होतो आणि दोन पानांचं डोकं पेलवेना म्हणून कलंडतो, ते प्रकाश कमी पडल्याचं लक्षण. तुम्ही एकच बॅटन दोन फुटांवर टांगली होती असं लिहिलंय. ती खाली आणा, शेजारी आणखी दोन लावा.

जांभळ्या दिव्यावर माझा मोठा राग वेगळाच आहे. त्याच्याखाली पान काळपट दिसतं. खालची पानं पिवळी पडताहेत, लेट्यूसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपताहेत, डब्याच्या झाकणाशी शेवाळ धरतंय, यातलं काहीच वेळेवर नजरेला पडत नाही. नवख्याला रोज रोपाकडे बघूनच शिकायचं असतं. त्यातून स्वस्त दिव्यांच्या खोक्यांवर ‘१००० वॅट’ छापतात आणि प्रत्यक्षात दिवा शंभरच्या आसपास ओढतो. ही लूट आहे.

बाल्कनीत फुकटचं ऊन असताना दिवा कशाला, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. कडक उन्हात लाखभर लक्स असतात. दोन तासांत तेरा मोल होऊन जातात. तेव्हा ऊन येत असेल तर दिवा घेऊच नका. अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांत. डब्यातलं पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, पांढरी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. तेवढे दोन-तीन महिने डबे आत घ्यायचे तर दिवा लागतो.

खताचं म्हणाल तर, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) पाण्यात घातलं की भागतं, असं मात्र समजू नका. त्यात कॅल्शियम नाही, आणि निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. ते झाडाच्या उपयोगी आणणारे जिवाणू मातीत भरपूर असतात, डब्यातल्या नव्या पाण्यात नसतात. कॅल्शियम नायट्रेट वेगळं आणा आणि त्याचं दाट द्रावण एप्सम सॉल्टच्या (मॅग्नेशियम सल्फेटच्या) दाट द्रावणात ओतू नका, तळाशी जिप्समचा न विरघळणारा साका बसतो. दोन्ही एकेक करून भरपूर पाण्यात मिसळा.

तुमच्याकडे जांभळा दिवा आहेच, तर त्याखाली लक्स मापक धरू नका. तो हिरव्या प्रकाशाला झुकतं माप देतो, त्यामुळे आकडा उगाच कमी दिसेल. खोक्यावर सेकंदाला किती मायक्रोमोल हे छापलं असेल तर ते, दिव्याचे खरे वॅट आणि फळीची लांबी-रुंदी इथेच खाली लिहा. हिशेब मांडून देतो.